वाचक विचारतात : टपावरच्या उन्हावर गाडीचा एसी

गेल्या अंकात पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीविषयी लिहिलं आणि आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच निघाला: ज्या उन्हानं गाडी तापते त्याच उन्हावर एसी का चालवू नये? गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे प्रश्न ओळखीचा आहे. पण या वेळी पत्रलेखकांनी आपापली अडचण नीट मांडली आहे, म्हणून एकेकाला उत्तर देते.

माझी पेट्रोलवरची हॅचबॅक दिवसभर उघड्यावर उभी असते. टपावर सोलर पॅनेल बसवून एसी त्यावर चालवावा असं मनात आहे. इंजिनावर भार येणार नाही आणि पेट्रोलही वाचेल. एक फिटर म्हणाला, 'होऊन जाईल.' खरंच होईल का?

नाही होणार. का, ते सविस्तर सांगते, कारण याच प्रश्नात बाकीच्यांची निम्मी उत्तरं आहेत.

आधी फिटरला विचारा, तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप, कशावर फिरतो? उत्तर आहे, इंजिनाच्या पट्ट्यावर. बॉनेट उघडा, कॉम्प्रेसरच्या पुलीवर चढलेला पट्टा दिसेल. एसीचं बटण दाबलं की क्लच लागतो आणि इंजिनाची ताकद कॉम्प्रेसरला मिळते. विजेचा संबंध येतो तो फक्त क्लच, आत गार हवा फेकणारा ब्लोअर आणि कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा यांच्याशी. म्हणजे टपावर सूर्यच आणून ठेवलात तरी त्या विजेला कॉम्प्रेसरपर्यंत जायला रस्ताच नाही. त्यासाठी विजेवर चालणारा वेगळा कॉम्प्रेसर बसवावा लागेल, त्याचे पाइप, त्याचा कंट्रोलर, त्याची बॅटरी, सगळं आलं.

समजा, तेही केलं. मग टप मोजा. लहान गाडीच्या टपावर वळणं, अँटेना, कडा सोडून पॅनेलला साधारण दीड चौरस मीटर जागा मिळते. स्वच्छ आकाश आणि डोक्यावरचं ऊन असेल तर जमिनीवर चौरस मीटरला सुमारे 1000 वॉट पोहोचतात. म्हणजे टपावर 1500 वॉट पडले. आजचं चांगलं पॅनेल त्यातले 22 टक्क्यांच्या आसपास विजेत बदलतं, हाती आले 330. आता तोच टप दुपारी तापून 65–70 अंशांवर जातो. पॅनेलची क्षमता मोजलेली असते 25 अंशांना, आणि त्यावर प्रत्येक अंशामागे ती तिसरा हिस्सा टक्का किंवा थोडी अधिक घटते. राहिले 280. हे भर दुपारचं. सकाळी नऊला किंवा संध्याकाळी पाचला ऊन तिरपं येतं, टप आडवा असतो, आणि आकडा निम्म्याच्याही खाली घसरतो. झाडाची एक फांदी आडवी आली तर बोलायलाच नको.

दुसऱ्या बाजूला एसीची भूक बघा. तापलेली गाडी गार करताना कॉम्प्रेसरला पहिली काही मिनिटं दोन-तीन किलोवॉट लागतात. गाडी एकदा गार झाली की एक किलोवॉटच्या आसपास भागतं. त्याच्याखाली उतरणं अवघड, कारण काचांमधून ऊन आत येतच राहतं आणि आत बसलेला प्रत्येक माणूस सुमारे 100 वॉटची उष्णता सोडत असतो. तुमच्या 280 वॉटमध्ये पूर्ण वेगावरचा ब्लोअर चालेल, फार तर जोडीला कंडेन्सरचा पंखा. कॉम्प्रेसरचा नंबर लागायच्या आत वीज संपली.

'मग बॅटरीत साठवू' असं तुमचा फिटर म्हणेल. गाडीत असते ती 12 व्होल्टची बॅटरी, 45 अँपिअर-तासांची धरली तर पूर्ण भरलेली असताना जेमतेम अर्धं युनिट. ती निम्म्याहून अधिक उतरवत राहिलात तर लवकर मरते, आणि संध्याकाळी सेल्फ मारायलाही तीच लागते. म्हणजे एक किलोवॉटचा एसी पाव तास. शिवाय 12 व्होल्टवर एक किलोवॉट घ्यायचा म्हणजे तारेतून 80 अँपिअरच्या वर करंट. वायर बोटाएवढी जाड नसेल, बॅटरीजवळ फ्यूज नसेल, तर आधी इन्शुलेशनचा वास येतो आणि मग धूर दिसतो. अशी जळालेली वायरिंग मी हातानं उपसून काढलेली आहे. 'होऊन जाईल' म्हणणारा त्या दिवशी फोन उचलत नाही.

उन्हाचा उपयोग तुमच्या गाडीला मुळीच नाही असं मात्र नाही. गाडी उभी असताना आतली तापलेली हवा बाहेर फेकणारा पंखा 20 ते 50 वॉटमध्ये मजेत चालतो. त्याला साठवणही लागत नाही: ऊन वाढलं की पंखा जोरात, ढग आला की हळू. पंखा आतलं तापमान बाहेरच्या खाली कधीच नेणार नाही, पण 55–60 अंशांवर गेलेली गाडी बाहेरच्या हवेच्या बरीच जवळ आणू शकतो. एसीचं सगळ्यांत जड काम असतं ते पहिल्या दहा मिनिटांचं, आणि हा पंखा नेमकं तेच हलकं करतो. काच बोटभर उघडी ठेवून हे साधत नाही. अमेरिकेत 2005 साली छापून आलेल्या एका वैद्यकीय अभ्यासात बाहेर 22 ते 36 अंश असताना बंद गाड्या तासाभरात सरासरी 22 अंशांनी तापल्या, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा किंचित उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. हवा ढकलणारं काहीतरी हवं.

एक गोष्ट दरडावून सांगते. पंखा बसवला म्हणून मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं बंद गाडीत ठेवायचं नाही. पाच मिनिटंही नाही.

ताई, काचेवर अडकवायचा छोटा सोलर पंखा मिळतो, तो घेऊ का? आणि 'पेल्टिअर'वर चालणारा बिनगॅसचा सोलर एसी म्हणून एक पेटी मुलानं दाखवली. मी निवृत्त शिक्षिका आहे, मला विज्ञान समजावून सांगितलंत तरी चालेल.

काचेवरचा पंखा घेऊ नका, बाई. वर म्हटलेल्या पंख्याचं काम खरं, पण या खेळण्यावरचं पॅनेल तळहाताएवढं असतं. त्यातून एक-दोन वॉट निघाले तरी डोक्यावरून पाणी. त्यावर फिरणारं पातं कॉम्प्युटरच्या डब्यातल्या पंख्यासारखं, आणि तो अडकवायला काच खाली घेतली की बाजूची रबरी पट्टी कधीच नीट बसत नाही. पाऊस आला की दाराच्या आतल्या मोटरीला पाणी. ग्राहकानं आणलेला असाच एक पंखा मी धुराची कांडी धरून पाहिला, धूर शेवटी पट्टीच्या फटीतूनच गेला.

पेल्टिअरचं विज्ञान मात्र सुंदर आहे. दोन वेगळ्या अर्धवाहकांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार होते, दुसरी गरम. हलणारा भाग नाही, गॅस नाही, आवाज नाही. पण हिशेब मार खातो. गॅसवर चालणारा एसी एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता बाहेर काढतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, फक्त वाहून नेतो. पेल्टिअरला गाडीतल्या तापमानांवर एका युनिटमध्ये एक युनिटही जमत नाही, बहुधा निम्म्याच्या आसपास. औषधाची छोटी पेटी गार ठेवायला ठीक, पाच माणसं बसायची जागा गार करायला नाही. त्यातून ती पेटी गाडीच्या आतच ठेवायची असेल तर तिची गरम बाजूही आतच राहिली. खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार होते का, असं तुम्ही वर्गात विचारलं असेलच.

माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या टपावर कंपनीनंच सुमारे 200 वॉटचं पॅनेल दिलं आहे. विक्रेता म्हणाला होता की एसी 'सोलरवर चालतो'. पण रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापायचं अंतर, तर कमी होतेच. मग चुकतंय कुठं?

तुमच्या गाडीत काही चुकत नाही, विक्रेत्याच्या वाक्यात चुकतंय. हे वाक्य जुनं आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला माझ्दाच्या 929 या गाडीला उन्हावर चालणारी हवेची सोय मिळायची, तीही पंखाच होती. 2009 साली टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रिअस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीला टपावर पॅनेल घेता यायचं. ते गाडी उभी असताना पंखा चालवायचं. दुरून एसी सुरू करायची सोयही त्याच गाडीत होती, पण तो एसी हायब्रिड बॅटरीवर चालायचा आणि तोही तीनेक मिनिटंच. दोन सोयी एका पॅकेजात मिळत असल्यामुळे लोकांनी त्या मनात एकत्र केल्या आणि 'सोलर एसी' जन्माला आला.

पुढची पायरी चांगली होती. जपानमध्ये 2017 च्या सुमारास प्रिअसच्या प्लग-इन (प्लग लावून चार्ज होणाऱ्या) गाडीवर 180 वॉटचा टप आला, आणि त्यातली वीज खरोखर गाडी चालवायच्या बॅटरीत जाऊ लागली: कंपनीच्या म्हणण्यानुसार दिवसाला जास्तीत जास्त 6.1 किलोमीटरपुरती. ह्युंदाईनं 2019 साली सोनाटा हायब्रिडवर 205 वॉटचा टप दिला. तुमचं पॅनेल याच जातकुळीचं. ते एसी चालवत नाही, ते बॅटरीत चमच्या-चमच्यानं भर घालतं आणि एसी त्या बॅटरीतून घोटभर पितो.

तरी हे कमी लेखू नका. 200 वॉटचं पॅनेल दिवसभर उन्हात राहिलं तर आडव्या टपावर चार-पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी वीज मिळते, म्हणजे पाऊण ते एक युनिट. वाटेतली गळती वजा करून पाऊण धरा. संध्याकाळी चाळीस मिनिटांच्या परतीच्या प्रवासात एसी साधारण एक युनिट खाईल: अर्धं पहिल्या दहा मिनिटांत आणि उरलेलं अर्धं बाकीच्या वेळात. म्हणजे परतीच्या गारव्याचा मोठा वाटा उन्हानं दिला. दिवसभर थोडं थोडं गोळा करायचं आणि थोडा वेळ खर्चायचं, टपावरचं पॅनेल या व्यवहाराला योग्य आहे. थेट चालवायला नाही.

पण इथंच गोम आहे. पॅनेलला ऊन हवं, तुम्हाला सावली. पाऊण युनिट मिळवायला गाडी उन्हात उभी करायची, ती आतून 55 अंशांवर जाणार, आणि तिला खाली आणायला पहिल्या दहा मिनिटांत अर्धं युनिट घालवायचं. सावलीत उभी केली असती तर ते अर्धं युनिट बरंच वाचलं असतं. हातात उरतं ते अगदी थोडं, वर डॅशबोर्ड, सीट आणि टायर उन्हानं म्हातारे होतात ते वेगळं. बॅटरीलाही भट्टी आवडत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर पॅनेल गाडीवर नको, गाडीच्या डोक्यावर हवं. एका गाडीच्या पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर गुणिले पाच. त्यावर शेड घालून पॅनेल टाकली तर दोन किलोवॉट किंवा थोडी अधिक क्षमता आरामात बसते, म्हणजे टपाच्या दहापट. पॅनेल हवं तसं सूर्याकडे कललेलं, खालून वारा खेळतो म्हणून कमी तापलेलं, आणि गाडी सावलीत. चांगल्या उन्हाच्या दिवशी आठ-दहा युनिट मिळतात. त्यात एसी तर सोडाच, रोजचा मध्यम प्रवासही निघतो. आणि प्लग लावलेला असतानाच निघायच्या दहा मिनिटं आधी गाडी गार करून घ्या, म्हणजे ते जड काम गाडीच्या बॅटरीवर पडतच नाही. रेंज कमी होते ही तुमची तक्रार खरी आहे: अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेनं 2019 साली पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या, 35 अंशांत एसी लावल्यावर रेंज सरासरी 17 टक्क्यांनी घटली. आधी गार केलेली गाडी त्यातला बराच भाग वाचवते.

मी ट्रक चालवतो. रात्री केबिनमध्ये झोपताना इंजिन चालू ठेवून एसी लावावा लागतो. केबिनच्या टपावर पॅनेल टाकून पार्किंग एसी चालेल का?

भाऊ, या सगळ्या पत्रांत तुमचीच मागणी उन्हाला सगळ्यांत जास्त शोभते, फक्त एक वेगळी बॅटरी मध्ये घालावी लागेल. झोपता रात्री आणि पॅनेल देतं दिवसा, एवढीच अडचण.

24 व्होल्टचा पार्किंग एसी, म्हणजे इंजिन बंद असताना चालणारा, मिळतो, त्याचा कॉम्प्रेसर विजेवरच फिरतो. केबिन लहान, रात्री ऊन नाही, पडदे लावलेले, त्यामुळे एकदा गार झाल्यावर सरासरी 350 वॉट धरा. आठ तासांना झाले 2.8 युनिट. सेल्फ मारायच्या दोन बॅटऱ्या यात जुंपू नका. त्यांचा जन्म एका झटक्यासाठी आहे, रात्रभर रवंथ करण्यासाठी नाही. पहाटे गाडी सुरू होणार नाही. वेगळी लिथियम बॅटरी घ्या, 24 व्होल्ट 200 अँपिअर-तास म्हणजे जवळजवळ 4.8 युनिट. केबिनच्या टपावर दोन चौरस मीटर जागा निघाली तर पॅनेल दिवसाला दीड युनिटाच्या आसपास देईल. उरलेलं चालत्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं जनित्र, भरेल, पण मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. थेट जोडलंत तर लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापून जातो.

मोठं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला दोन-तीन लिटर पितं. रात्रीचे आठ तास त्यानं गुणा, मग बॅटरीचा खर्च किती दिवसांत निघतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. शिवाय धूर आणि आवाज नाही, झोप लागते.

बसवताना तीन ठिकाणी कुणाचं ऐकू नका. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. लवचिक पॅनेल थेट पत्र्याला चिकटवायचं नाही, खाली बोटभर हवेची जागा ठेवा, नाहीतर ते तापून वर्ष-दोन वर्षांत पिवळं पडतं. आणि कडक पॅनेल असेल तर बोल्टनं आवळा, नुसत्या चिकटपट्टीवर नाही. सुटलेलं पॅनेल मागच्या गाडीच्या काचेवर जातं.

पांढरी गाडी काळ्या गाडीपेक्षा खरंच गार राहते, की उगाच म्हणतात?

खरंच राहते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं 2011 साली सारख्याच दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात शेजारी उभ्या केल्या. चंदेरी गाडीतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली. पांढरा रंग चंदेरीच्याही पुढे. पण समोरच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावलात तर रंग बदलायची गरज उरत नाही. डॅशबोर्ड हीच गाडीतली शेगडी आहे.

ताई, मी अकरावीत आहे. सौर गाड्यांची शर्यत होते, त्या तर पूर्ण उन्हावर धावतात. मग त्यांच्यात एसी असतो का?

नसतो. तुझा प्रश्न मला आवडला, कारण त्यात सगळं गणित आलं. ऑस्ट्रेलियात डार्विनपासून अॅडलेडपर्यंत सुमारे 3000 किलोमीटरची ही शर्यत 1987 साली सुरू झाली, पहिली जिंकली जनरल मोटर्सच्या 'सनरेसर'नं. त्या गाड्या काही चौरस मीटर पॅनेलवर, मिक्सर किंवा इस्त्रीला लागते एवढ्याच विजेत महामार्गाच्या वेगानं पळतात. हे जमतं कारण गाडीचं वजन आणि हवेचा अडथळा त्यांनी सोलून काढलेला असतो. एसी लावला तर तो एकटाच मोटरइतकी वीज मागेल. म्हणून चालकाला मिळते फक्त हवेची एक नळी आणि पाण्याची बाटली.

प्रकल्प करायचा असेल तर खोक्याला काच लावून गाडी बनव. आत एक तापमापक, बाहेर सावलीत एक. आधी नुसतं उन्हात ठेव, मग छोट्या पॅनेलवरचा पंखा लावून, मग पंखा काढून काचेवर चांदीचा कागद लावून. दर पाच मिनिटांनी नोंद कर आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढ. पंखा हवा बाहेर फेकेल असाच लाव, आणि खाली हवा आत यायला भोक ठेव. बहुतेक मुलं ते भोक विसरतात.